टायगर मॉथ : लाकूड, कापड आणि तारांचं ते विमान, ज्यावर एक अख्खी पिढी उडायला शिकली

येरवड्यात राहणाऱ्यांना विमानाचं अप्रूप उरलेलं नाही. लोहगावच्या धावपट्टीवरून सुखोई उठलं की खिडकीची तावदानं थरथरतात, फोनवर बोलणारा माणूस अर्ध्या वाक्यात थांबतो, आवाज गेला की तिथूनच पुढे बोलायला लागतो. शेजारच्या भागाचं नावच विमाननगर. सुखोई-३० एमकेआय हे लढाऊ विमान हवाई दलात औपचारिकपणे दाखल झालं तेही इथेच, लोहगावच्या तळावर, २७ सप्टेंबर २००२ ला. हवेत जवळपास थांबून स्वतःभोवती गिरकी घेणारं हे विमान म्हणजे आजच्या हवाई कसरतींचं टोक.

पण हवाई दलाच्या कार्यक्रमांचे व्हिडिओ बघताना तुम्ही कधीतरी एक वेगळंच विमान पाहिलं असेल. पंखांच्या दोन जोड्या, एकावर एक. मध्ये काठ्या, काठ्यांमध्ये तिरप्या तारा. वरून उघडं, पायलटच्या डोक्याला चामड्याची टोपी आणि डोळ्यांवर गॉगल. वेग इतका कमी, की वाटतं हे आता खाली पडणार. ते पडत नाही, आरामात निघून जातं. खाली कमेंटमध्ये कुणीतरी हमखास विचारतं, "हे खरंच उडतं का?"

उडतं. त्याचं नाव टायगर मॉथ. भारतात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत जे लढाऊ पायलट तयार झाले, त्यातल्या बहुतेकांचा हवेतला पहिला धडा याच विमानात झाला. आणि तो धडा फक्त सरळ उडण्याचा नव्हता. उलटं कसं व्हायचं, गिरक्या घेत खाली कसं कोसळायचं आणि जमिनीवर आदळण्याआधी त्यातून बाहेर कसं यायचं, हेही त्यातच शिकवलं जायचं.

किडे गोळा करणारा इंजिनिअर

जेफ्री डी हॅविलँड हे ब्रिटिश विमान-अभियंते. त्यांना फुलपाखरं आणि किडे यांचा नाद होता. म्हणून त्यांच्या कंपनीच्या छोट्या विमानांची नावं पतंगांवरून पडली. जिप्सी मॉथ, पस मॉथ, लेपर्ड मॉथ, टायगर मॉथ. मराठीत तर ही नावं जास्तच शोभतात, कारण आपल्याकडे दिव्यावर झेपावणारा किडाही पतंग आणि मांजाला बांधून उडवतो तोही पतंग. काठ्यांच्या सांगाड्यावर ताणलेलं कापड हे दुसऱ्या पतंगाचं वर्णन या विमानालाही तंतोतंत लागू पडतं.

या घराण्यातलं पहिलं विमान, डीएच-६० मॉथ, २२ फेब्रुवारी १९२५ ला लंडनजवळच्या स्टॅग लेन इथून उडालं. पहिल्या महायुद्धातली रेनॉची आठ सिलिंडरची इंजिनं तेव्हा ढिगाने पडून होती. फ्रँक हालफर्ड या अभियंत्याने त्या इंजिनाची एकच ओळ घेतली, म्हणजे अर्धं इंजिन, आणि त्यातून चार सिलिंडरचं स्वस्त, हलकं इंजिन बनवलं. जुगाड म्हणाल तर जुगाडच. पंख मागे घडी घालून विमान गॅरेजएवढ्या जागेत ठेवता यायचं. लष्कराबाहेरच्या, बऱ्यापैकी पैसे असलेल्या माणसाला स्वतःचं विमान घेता येईल, ही कल्पना या विमानाने प्रत्यक्षात आणली. 'आउट ऑफ आफ्रिका' या सिनेमात आफ्रिकेच्या माळरानावरून उडणारं पिवळं विमान आठवतंय? ते याच घराण्यातलं, जिप्सी मॉथ.

मग ब्रिटिश हवाई दलाने या विमानाकडे प्रशिक्षणासाठी पाहिलं आणि एक अडचण काढली. मॉथमध्ये पुढची सीट बरोबर वरच्या पंखाच्या खाली होती. त्या पंखाच्या मधल्या भागातच पेट्रोलची टाकी आणि तिला आधार देणाऱ्या काठ्या. पाठीला पॅराशूट बांधलेल्या माणसाला संकटात तिथून पटकन बाहेर पडणं जवळपास अशक्य. प्रशिक्षणाच्या विमानात पुढच्या सीटवर प्रशिक्षक बसतो, म्हणजे अडकणार तोच.

उपाय वाचायला सोपा वाटतो. वरच्या पंखाचा मधला भाग पुढे सरकवायचा, म्हणजे सीटच्या वर मोकळं आकाश. पण पंख पुढे गेला की विमानाचा तोल बिघडतो. तो सावरायला पंखांची टोकं मागे वळवली गेली. आज टायगर मॉथ ओळखण्याची सगळ्यात सोपी खूण म्हणजे हे किंचित मागे झुकलेले पंख. दिसायला ते रुबाबदार आहेत, पण रुबाबासाठी केलेले नाहीत. एका माणसाला वेळेत उडी मारता यावी म्हणून ते तसे आहेत.

२६ ऑक्टोबर १९३१ ला ह्युबर्ट ब्रॉड या चाचणी-वैमानिकाने हे विमान पहिल्यांदा उडवलं. पुढच्याच वर्षी ते ब्रिटिश हवाई दलात रुजू झालं. उत्पादन थांबेपर्यंत आठ हजारांहून जास्त टायगर मॉथ बनली होती. ब्रिटनशिवाय ती कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्येही तयार झाली. युद्धाच्या काळात तर मॉरिस या मोटार कंपनीच्या कारखान्यात तीन हजारांहून अधिक विमानं जोडली गेली. कॅनडातल्या विमानांना थंडीमुळे वर बंद झाकण असायचं. बाकी सगळ्यांना वाऱ्यातच बसायचं.

आत काय आहे? खरं तर काय काय नाही?

ब्रेक नाहीत. जमिनीवर विमान थांबवायला मागे शेपटीखाली एक लोखंडी फाळ, जो गवतात घासत जातो. म्हणून याला डांबरी धावपट्टीपेक्षा गवताचं मैदान आवडतं. उतरताना वेग कमी करणारे फ्लॅप नाहीत. बॅटरी नाही, स्टार्टर नाही. इंजिन सुरू करायला एका माणसाने पुढे उभं राहून लाकडी पंखा हाताने फिरवायचा. आधी स्विच बंद ठेवून चार-दोन वेळा फिरवून इंजिनात पेट्रोल ओढून घ्यायचं, मग आतल्या पायलटने "कॉन्टॅक्ट" अशी आरोळी द्यायची, आणि बाहेरच्याने एक झटका देऊन तितक्याच चपळाईने मागे सरकायचं. मागे सरकायला उशीर झाला तर काय होईल हे सांगायला नको.

पेट्रोलचा पंपही नाही. टाकी वरच्या पंखात, इंजिन खाली, त्यामुळे पेट्रोल आपलं आपण उतरतं. गावाकडे गच्चीवरच्या टाकीतून नळाला पाणी येतं तसंच. ही साधी गोष्ट लक्षात ठेवा, उलटं उडताना ती आडवी येणार आहे.

प्रशिक्षक पुढे, विद्यार्थी मागे. एकट्याने उडवायचं असेल तर मागच्याच सीटवरून. दोघांमध्ये वायरलेस वगैरे काही नाही. एक रबरी नळी, तिच्या एका टोकाला बोलायची तोटी आणि दुसऱ्या टोकाला कानाला लावायच्या नळ्या. डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारखं काम. प्रशिक्षकाच्या शिव्या विद्यार्थ्याच्या थेट कानात.

इंजिन उलटं बसवलेलं आहे, म्हणजे सिलिंडर खालच्या बाजूला. त्यामुळे नाकाची उंची कमी होते आणि पायलटला समोरचं बरं दिसतं. ताकद १३० हॉर्सपॉवर. आजच्या एखाद्या मध्यम एसयूव्हीच्या इंजिनाएवढी. पंखांचा पल्ला सुमारे ८.९ मीटर, लांबी ७.३ मीटर, रिकाम्या विमानाचं वजन ५०० किलोच्या आसपास. सरळ उडताना जास्तीत जास्त वेग ताशी १७५ किलोमीटर. समोरून जोरदार वारा असेल तर खालच्या हायवेवरच्या गाड्या पुढे निघून जातात, आणि हा विनोद नाही.

धडाचा सांगाडा स्टीलच्या नळ्यांचा, पंखांचा सांगाडा लाकडाचा, आणि त्यावर ताणलेलं कापड. कापडावर डोप नावाचा रसायनाचा लेप देतात. तो सुकताना कापड आवळतो, ढोलकीच्या पुडीसारखं ताठ करतो. बोटाने टिचकी मारली तर तसाच आवाज येतो.

दोन पंख कशासाठी?

उत्तर आकाशात शोधण्यापेक्षा रेल्वेच्या जुन्या लोखंडी पुलाकडे बघा. वर एक तुळई, खाली एक तुळई, मध्ये उभे खांब आणि तिरप्या पट्ट्या. प्रत्येक तुकडा बारीक, पण सगळे मिळून आगगाडी पेलतात. सुरुवातीच्या काळात पंख लाकूड-कापडाचे होते. एकच लांब पंख केला तर तो मोडायची भीती. दोन आखूड पंख एकावर एक ठेवून मध्ये काठ्या आणि ताणलेल्या तारा बसवल्या की पुलाच्या चौकटीसारखी मजबूत पेटी तयार होते. शिवाय तेवढ्याच रुंदीत पंखांचं क्षेत्रफळ जवळपास दुप्पट, म्हणजे कमी वेगातही हवा पेलून धरते.

किंमत मोजावी लागते ती वेगात. प्रत्येक काठी आणि प्रत्येक तार हवेला अडवते. तीसच्या दशकात धातूचे मजबूत एकेरी पंख आले, इंजिनं मोठी झाली, आणि लढाईतून दुपंखी विमानं हळूहळू बाहेर पडली. पण कसरतींना फार वेग लागत नाही. तिथे मजबुती लागते आणि आटोपशीर आकार लागतो. म्हणून जी रचना युद्धासाठी जुनी झाली, ती कसरतींसाठी पुढे अनेक वर्षं टिकली.

आकाशातली कोलांटी

विमानाने हवेत उभी कोलांटी मारण्याचा पहिला मान रशियाच्या प्योत्र नेस्तेरोव्ह यांचा. १९१३ मध्ये, कीव्हमध्ये. बक्षीस म्हणून त्यांना आधी शिक्षा झाली, सरकारी मालमत्ता धोक्यात घातल्याबद्दल. नंतर ती मागे घेतली गेली. थोड्याच वर्षांत युद्धाने दाखवून दिलं की ज्याला विमान कुठल्याही बाजूला वळवता येतं तोच जिवंत परत येतो. तिथून कसरत ही सर्कस राहिली नाही, अभ्यासक्रम झाली.

टायगर मॉथमध्ये कोलांटी मारायची तर आधी नाक खाली करून वेग वाढवावा लागतो, कारण इंजिनाच्या एकट्याच्या जोरावर तेवढा वेग मिळतच नाही. मग कांडी हळूच पोटाकडे ओढायची. क्षितिज खाली जातं, समोर नुसतं आकाश, तारांची शीळ कमी कमी होत जाते. अगदी वर, डोकं खाली असताना, जवळपास शांतता. मग जमीन वरून खाली यावी तशी समोर येते आणि तारा पुन्हा गायला लागतात. जुने पायलट वेगाचा काटा बघण्याआधी तारांचा आवाज ऐकायचे, असं या विमानाबद्दल सांगतात ते एवढ्यासाठीच.

आता ती पेट्रोलची टाकी आठवा. विमान उलटं झालं की टाकी खाली आणि इंजिन वर. पेट्रोल वर चढणार कसं? इंजिन खोकतं आणि गप्प होतं. कोलांटीत वेग नीट असेल तर विमान बाहेरच्या बाजूला ढकललं जात असल्यामुळे पेट्रोल जागेवर राहतं, पण सावकाश आडवं पालटताना, ज्याला स्लो रोल म्हणतात, इंजिन हमखास आचके देतं. त्यात पालटायला मदत करणारे हलते भाग, एलेरॉन, फक्त खालच्या पंखांना आहेत आणि तेही सुस्त. त्यामुळे टायगर मॉथमध्ये देखणा स्लो रोल घालणं ही कसोटीच होती. खरं बोलायचं तर कसरतींसाठी हे विमान आदर्श अजिबात नाही. त्याच काळातलं जर्मनांचं ब्यूकर युंगमान कितीतरी चपळ होतं. पण शिकण्यासाठी थोडं आडमुठं विमानच बरं, असं प्रशिक्षकांचं मत. चूक केली की टायगर मॉथ लगेच दाखवतं, पण सहसा मारत नाही.

या त्रुटीवर इलाज करणारेही निघाले. १९३४ मध्ये जेफ्री टायसन या वैमानिकाने पेट्रोलची व्यवस्था बदललेल्या टायगर मॉथमधून इंग्लिश खाडी पार केली, उलटं उडत. लुई ब्लेरिओने ती खाडी पहिल्यांदा विमानाने ओलांडली त्याला तेव्हा २५ वर्षं झाली होती, त्याची ही सलामी.

गिरकी, म्हणजे स्पिन

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे, आणि इथे जरा सावकाश वाचा.

विमान पंखावरून वाहणाऱ्या हवेवर तरंगतं. नाक जास्तच वर केलं आणि वेग कमी झाला, की वरच्या बाजूची हवा पंखाला चिकटून वाहायचं सोडून देते. पंखाची उचलून धरायची ताकद जाते. याला स्टॉल म्हणतात. याचा इंजिन बंद पडण्याशी काही संबंध नाही, बातम्यांमध्ये हा गोंधळ नेहमी होतो. आता दोन्ही बाजूंचे पंख एकसारखे सुटले तर विमान नाक टाकून खाली येतं आणि वेग मिळाला की सावरतं. पण एक बाजू आधी सुटली तर? विमान त्या बाजूला कलंडतं, आणि झाडावरून पडणाऱ्या शेवग्याच्या बीसारखं स्वतःभोवती फिरत खाली येऊ लागतं. हाच स्पिन.

अशा वेळी माणसाचं शरीर काय सांगतं? जमीन समोर येतेय, कांडी मागे ओढ, नाक वर कर. आणि तेच नेमकं चूक आहे. कांडी मागे ओढली की पंख सुटलेलेच राहतात, गिरकी चालूच राहते. बरोबर उत्तर असं : इंजिनाचा जोर कमी करा, गिरकीच्या उलट दिशेचं पायडल पूर्ण दाबा, आणि कांडी पुढे ढकला. म्हणजे ज्या जमिनीची भीती वाटतेय तिच्याच दिशेने. हे पुस्तकात वाचून येत नाही. प्रशिक्षकाबरोबर पुरेशा उंचीवर पुन्हा पुन्हा करून, घाबरून, सावरूनच अंगात मुरतं. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांना पहिल्या काही आठवड्यांत हे शिकवायचं म्हणजे विमान असं हवं की जे स्पिनमध्ये जाईल आणि सांगितलं की बाहेरही येईल.

टायगर मॉथही यात पहिल्यापासून निर्दोष नव्हतं. युद्धकाळात विमानावर नवनवी उपकरणं चढली, वजन वाढलं, आणि काही विमानं स्पिनमधून बाहेर यायला वेळ घेऊ लागली. १९४१ मध्ये शेपटीच्या पुढे दोन्ही बाजूंना लांबट पट्ट्या बसवून हे दुरुस्त केलं गेलं. आज उडणाऱ्या अनेक टायगर मॉथवर त्या पट्ट्या दिसतात. फोटो झूम करून पाहा.

मुंबईपासून लोहगावपर्यंत

भारताच्या आकाशाशी दुपंखी विमानाचं नातं जुनं आहे. १८ फेब्रुवारी १९११ ला आन्री पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून नैनीला साडेसहा हजारांच्या आसपास पत्रं विमानाने नेली. ते विमानही दुपंखीच. पण खरी सुरुवात झाली ती १९२८ मध्ये, जुहूला मुंबई फ्लाइंग क्लब उभा राहिल्यावर. क्लबची विमानं मॉथच होती. तिथे शिकलेल्या जेआरडी टाटांना १० फेब्रुवारी १९२९ ला भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला.

१९२९ मध्ये आगाखानांनी भारत ते इंग्लंड हे अंतर एकट्याने उडून जाणाऱ्या पहिल्या भारतीयाला ५०० पौंडांचं बक्षीस लावलं. मैदानात तिघं होते. मनमोहन सिंग, जेआरडी टाटा आणि विशीच्याही आतला अस्पी इंजिनिअर. जेआरडी इकडून निघाले होते, अस्पी तिकडून येत होते. इजिप्तमध्ये दोघांची गाठ पडली. अस्पींचं विमान स्पार्क प्लगअभावी अडकलं होतं. जेआरडींनी आपल्याकडचे जादा प्लग दिले, आणि पुढे ती स्पर्धा काही तासांच्या फरकाने अस्पींनीच जिंकली. हेच अस्पी इंजिनिअर १९६० मध्ये भारताचे हवाई दलप्रमुख झाले. १९३६ मध्ये लाहोरला सरला ठकराल यांनी साडी नेसून विमान उडवलं तेही जिप्सी मॉथच.

१९३२ च्या शरदातली एक गंमत येरवड्याच्या वाचकांसाठी. त्या सप्टेंबरात साऱ्या देशाचं लक्ष येरवडा तुरुंगाकडे होतं. गांधीजींचं उपोषण, डॉ. आंबेडकरांशी वाटाघाटी, २४ तारखेचा पुणे करार. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत दोन गोष्टी घडल्या. ८ ऑक्टोबरला भारतीय हवाई दलाची कायद्याने स्थापना झाली, आणि १५ ऑक्टोबरला जेआरडींनी कराचीहून मुंबईला पहिली टपाल-फेरी उडवली, पस मॉथमधून. गांधीजी तेव्हाही येरवड्यातच कैदेत होते. हवाई दलाच्या पहिल्या तुकडीला १९३३ मध्ये विमानं मिळाली ती चार वापिटी, तीही दुपंखी.

युद्ध सुरू झालं आणि हवाई दलाला पायलट हवेच होते, शेकड्यांनी. हैदराबादजवळ बेगमपेठ आणि राजस्थानात जोधपूर इथे प्राथमिक उड्डाण-शाळा निघाल्या. शिकवायला टायगर मॉथ. लोहगावचा तळ त्याच सुमारास, १९३९ मध्ये उभा राहिला, मुंबईचं हवाई रक्षण डोळ्यांसमोर ठेवून. तिथे युद्धात डी हॅविलँडचंच दुसरं अपत्य आलं, मॉस्किटो. दोन इंजिनांचं, अतिशय वेगवान, आणि चक्क लाकडी. इंग्लंडच्या हवेत लाकूड-सरसाचं जे तंत्र चाललं, ते इथल्या उन्हा-पावसात अडखळलं. १९४४ च्या अखेरीला भारतातल्या मॉस्किटोंच्या पंखांच्या सांध्यांत दोष सापडले आणि काही काळ उड्डाणं थांबवावी लागली. लाकडी विमानाला आपलं हवामान सोसत नाही, हा धडा इथल्या अभियंत्यांनी लक्षात ठेवला असणार, कारण पुढचं पाऊल धातूचं होतं.

गडहिंग्लजकडचे घाटगे

टायगर मॉथच्या जागी आपलं विमान बनवायचं, हे काम हिंदुस्तान एअरक्राफ्टकडे आलं. ही कंपनी १९४० मध्ये बेंगळुरूला उभी केली ती मूळच्या सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी. आणि विमानाचा आराखडा केला डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी. कोल्हापूर जिल्ह्यातलं हसूरचंपू हे त्यांचं गाव. तिथला मुलगा जर्मनीत ग्योटिंगेनला गेला आणि लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टर झाला. पंखाला चिकटून वाहणारा हवेचा पातळ थर कधी आणि का सुटतो, याचं विज्ञान ज्यांनी मांडलं ते हे प्रांटल. म्हणजे मघाशी स्टॉलबद्दल जे वाचलंत, त्याच्या मुळापाशीच घाटगे शिकले. भारतीय विज्ञान संस्थेत १९४२ मध्ये सुरू झालेल्या विमान-अभियांत्रिकी विभागाचे पहिले प्रमुखही तेच.

त्यांचं एचटी-२ ऑगस्ट १९५१ मध्ये उडालं, चाचणी-वैमानिक कॅप्टन जमशेद मुन्शी. एकपंखी, धातूचं, पण पुढे-मागे दोन सीट आणि कसरती करता येतील असं. १७० च्या आसपास विमानं बनली, काही घानाच्या नव्या हवाई दलालाही गेली. पन्नासच्या दशकात हवाई दलातून टायगर मॉथ निघत गेली आणि एचटी-२ येत गेली. घाटगे तिथेच थांबले नाहीत. १९६४ मध्ये उडालेल्या किरण या जेट प्रशिक्षण-विमानाच्या आराखड्याचं नेतृत्वही त्यांचंच. १९९६ पासून सूर्यकिरण पथकाने ज्या नऊ विमानांनी डोळ्यांचं पारणं फेडलं, ती किरणच होती. आता ते पथक हॉक विमानं वापरतं. घाटग्यांचं नाव मात्र महाराष्ट्रात किती जणांना ठाऊक आहे? मला तरी शाळेत ते कुणी सांगितलं नव्हतं.

हे आज का वाचायचं?

कारण शिकाऊ पायलटसाठी चांगलं विमान बनवणं अजूनही अवघड आहे. एचटी-२ नंतर आलेलं एचपीटी-३२ दीपक अनेक अपघातांनंतर २००९ मध्ये जमिनीवर आणलं गेलं. हवाई दलाकडे पहिल्या टप्प्याचं विमानच उरलं नाही. २०१३ पासून स्वित्झर्लंडची पिलाटस विमानं आली तोवर शिकवण्याची ओढाताण झाली. दुसरीकडे, किरणची जागा घ्यायला बनवलेलं एचजेटी-३६ हे २००३ मध्ये पहिल्यांदा उडालं आणि वर्षानुवर्षं अडकून पडलं. कशावर? स्पिनवर. गिरकीत गेलं तर खात्रीने बाहेर येत नव्हतं. शेपटीचे भाग बदलून ते पुन्हा चाचणीला उभं करावं लागलं. पहिल्या टप्प्यासाठीचं देशी एचटीटी-४० हे २०१६ मध्ये उडालं, आणि २०२३ मध्ये त्याच्या ७० विमानांचा करार झाला. संगणकावर हवेचा प्रवाह तपासता येतो तरीही शेवटी कुणीतरी चाचणी-वैमानिक ते विमान मुद्दाम गिरकीत घालतो आणि बाहेर काढून बघतो. १९४१ मध्ये टायगर मॉथच्या शेपटीपुढे पट्ट्या बसवल्या तेव्हा हेच चाललं होतं.

पुढची पिढी, लाल आणि छोटी

कसरतींच्या जगात टायगर मॉथची जागा घेतली ती अमेरिकेच्या पिट्स स्पेशलने. कर्टिस पिट्स यांनी बनवलेलं हे इवलंसं दुपंखी विमान. पंखांचा पल्ला टायगर मॉथच्या जेमतेम दोन तृतीयांश. पुढच्या आवृत्त्यांत वरच्या-खालच्या दोन्ही पंखांना एलेरॉन, आणि पंखाची जाडी दोन्ही बाजूंनी सारखी, म्हणजे उलटं उडणं आणि सुलटं उडणं जवळपास एकच. बेटी स्केल्टन यांनी १९४९ आणि १९५० मध्ये त्यातून अमेरिकेतल्या महिलांच्या कसरत-स्पर्धा जिंकल्या. त्यांचं विमान, 'लिटल स्टिंकर', आज वॉशिंग्टनजवळच्या स्मिथसोनियनच्या संग्रहालयात छताला टांगलेलं आहे, उलटं. १९७२ ची जागतिक स्पर्धा चार्ली हिलार्ड यांनी पिट्समधूनच जिंकली. जग जेटमध्ये बसून फिरत होतं तेव्हा विश्वविजेता दोन पंखांच्या विमानात होता.

ब्रिटनमध्ये युद्धानंतर टायगर मॉथ स्वस्तात विकली गेली. काही न्यूझीलंडच्या डोंगरांवर खत टाकायला लागली. काहींसाठी १९५६ मध्ये नॉर्मन जोन्स यांनी टायगर क्लब काढला. त्यांची खास सुधारलेली कसरत-विमानं आर्चबिशप, बिशप, डीकन अशा पाद्र्यांच्या हुद्द्यांनी ओळखली जायची. याच विमानाचं बिनपायलटचं भावंड म्हणजे १९३५ चं क्वीन बी, तोफखान्याच्या सरावासाठी रेडिओने उडवलं जाणारं. राणी माशीच्या या नावावरूनच पुढे नर माशीचं नाव, म्हणजे 'ड्रोन', बिनपायलटच्या विमानांना चिकटलं असं मानतात. लग्नात डोक्यावर घोंघावणाऱ्या कॅमेऱ्याचा वंशवृक्ष असा टायगर मॉथपर्यंत जातो.

बघायचं असेल तर

बेंगळुरूच्या एचएएल संग्रहालयात घाटग्यांचं एचटी-२ उभं आहे. पुण्यातल्या पुण्यात, इंजिनाशिवाय हवा कशी उचलते हे समजून घ्यायचं असेल तर हडपसरचं ग्लायडिंग सेंटर. आणि टायगर मॉथ? हवाई दलाने एचयू-५१२ क्रमांकाचं आपलं जुनं विमान ब्रिटनमध्ये दुरुस्त करून घेतलं, आणि २०१२ मध्ये, हवाई दलाला ८० वर्षं झाली तेव्हा, ८ ऑक्टोबरला ते दिल्लीजवळच्या हिंडन तळावर पुन्हा उडालं. त्याचे व्हिडिओ सहज सापडतात. बघताना संगीत लावलेली रील टाळा आणि मूळ आवाजाची शोधा. इंजिनाची धडधड ऐका, आणि पंखांचं ते मागे झुकणं बघा. पुढच्या सीटवरच्या माणसाच्या डोक्यावर मोकळं आकाश दिसतं.